ग्रीनवूडांच्या मुलखात : एका विणकराचा माग

माझ्या व्याह्यांचे आडनाव ग्रीनवूड. त्यांच्या घराण्यात कोणी सरदार नव्हता, कोणी धर्मगुरू नव्हता आणि कारखानदारही नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या हातमागावर कापड विणणारी आणि पुढे गिरण्या आल्यावर गिरणीत राबणारी ही माणसे. अशा घरात जुने कागद जपले जात नाहीत. व्याह्यांकडे होता तो एकच कागद, १८६८ सालचा एका लग्नाचा दाखला. नवरा मुलगा फस्टियन नावाचे जाड सुती कापड कापणारा कामगार, त्याचा बाप विणकर आणि ठिकाण यॉर्कशर परगण्यातले हेप्टनस्टॉल, एवढेच त्यावरून कळत होते. आपल्याकडे कुलवृत्तांत सिद्ध करण्याची जुनी परंपरा आहे आणि माझ्या माहेरच्या कुलवृत्तांताच्या कामात मी काही वर्षे मदत केली होती. त्यामुळे यंदाच्या मे महिन्यात लेकीकडे मँचेस्टरला गेले असताना व्याही आणि विहीणबाई यांनी मला या शोधयात्रेला बरोबर घेतले.

सोमवार : हेब्डन ब्रिज

मँचेस्टरहून आगगाडी पाऊण तासाच्या आत पेनाइन डोंगरांच्या कुशीत, कॅल्डर नदीच्या अरुंद खोऱ्यात आणून सोडते. हेब्डन ब्रिज या गावाला ज्यावरून नाव मिळाले तो दगडी पूल सुमारे १५१० साली बांधलेला असून लोकर आणि कापड लादलेली तट्टे त्यावरून जात असत. खोऱ्याचा तळ दलदलीचा असल्यामुळे जुनी वस्ती वर, डोंगराच्या पाठीवर होती. गिरण्यांना पाण्याचा जोर हवा झाला, कालवा आला, मग रेल्वे आली, तेव्हा कुठे माणसे खाली उतरली. हा उलगडा पहिल्याच संध्याकाळी झाला ते फार बरे झाले, कारण खालच्या गावात दिसते ते सारे तुलनेने नवे आहे आणि जुना विणकर शोधायचा तर डोंगर चढावा लागतो.

रात्री उतारगृहाच्या मालकीणबाईंनी व्याह्यांचे आडनाव वहीत लिहून घेतले आणि म्हणाल्या, "या खोऱ्यात दगड फेकला तर तो ग्रीनवूडला नाही तर सटक्लिफला लागतो." त्यांचे स्वतःचे माहेर सटक्लिफांचे होते. इथेच आमच्या कामातली मुख्य अडचण समोर आली. दुर्मिळ आडनावाचा माणूस कागदात चटकन सापडतो, पण या खोऱ्यात ग्रीनवूड सापडणे म्हणजे काहीच सापडले नाही असे म्हणावे लागते. पूर्वी इथले लोक आपापसात आडनाव वापरतच नसत. अमक्याचा तमका, तमक्याचा फलाणा अशी बाप-आजाची साखळी लावून किंवा शेतघराचे नाव जोडून माणूस ओळखला जाई. सरकारी वह्यांत मात्र सगळे ग्रीनवूडच.

मंगळवार : हॅलिफॅक्स

हॅलिफॅक्सला आम्ही आधी पीस हॉल पाहिला. विणकरांनी घरी विणलेले कापडाचे ठाण तिथे ‘पीस’ म्हणून विकले जाई. १ जानेवारी १७७९ रोजी उघडलेल्या या प्रचंड चौकाभोवती ३१५ खोल्या आहेत. आठवडाभर मागावर बसायचे आणि शनिवारी ठाण पाठीवर किंवा तट्टावर टाकून इथे यायचे, असा त्या काळच्या विणकराचा क्रम असे. दगडी खांबांच्या सज्जात उभे राहिल्यावर व्याही बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "आमचा माणूस इथे आला असेल का?" आला असण्याचा संभव मोठा आहे, पण नाव सापडेपर्यंत तसे लिहिता येत नाही, असे मी सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले.

पीस हॉलला लागूनच शहराचे ग्रंथालय आणि दप्तरखाना आहे. इथे जाणाऱ्यांनी काही गोष्टी आधीच कराव्यात. मूळ कागद पाहायचे असतील तर जागा अगोदर राखून ठेवावी, पत्ता असलेले ओळखपत्र जवळ बाळगावे आणि फक्त शिसपेन्सिल न्यावी, कारण जुन्या कागदांजवळ शाईचे पेन चालत नाही. शोध नेहमी जवळच्या काळाकडून मागे न्यावा. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. दर दहा वर्षांची शिरगणती १८०१ पासून होत असली, तरी घराघरातील माणसांची नावे १८४१ पासूनच्या गणतीत सलग मिळतात. १८४१ च्या गणतीत पंधरा वर्षांवरील माणसांची वये सहसा पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिली आहेत आणि जन्मगाव दिलेले नाही, फक्त माणूस त्याच परगण्यात जन्मला की नाही तेवढे आहे. १८५१ पासून नेमका पॅरिश, म्हणजे एका मुख्य चर्चच्या हद्दीतला मुलूख, मिळतो. म्हणून १८५१ ची गणती हाच या कामातला खरा दरवाजा.

त्या दरवाजातून आमचा विणकर दिसला. हेप्टनस्टॉल टाउनशिप (पॅरिशचा पोटविभाग), वय चाळीस, धंदा हातमागावरील विणकर, जन्म हेप्टनस्टॉल, बायको आणि पाच मुले, आणि त्यांतला सहा वर्षांचा मुलगा म्हणजे १८६८ च्या दाखल्यातला नवरा. १८४१ मध्ये त्याचे वय तीस लिहिले आहे आणि तेही जुळते. मात्र १८१० च्या आसपासच्या हेप्टनस्टॉलच्या चर्चच्या वहीत त्याच नावाच्या ग्रीनवूड मुलांचे दोन बाप्तिस्मे निघाले. एकाचे दफन दुसऱ्याच वर्षी झालेले होते. दुसरा १८५१ मध्ये शेजारच्या टाउनशिपमध्ये शेतकरी म्हणून सापडला. म्हणजे दोघेही आमचे नव्हेत.

तेव्हा शेजारच्या टेबलावर बसलेले स्थानिक कुलसंशोधन मंडळाचे एक वयस्क सभासद आमच्याकडे वळले आणि त्यांनी एकच प्रश्न केला : "हे लोक चर्चचे की चॅपेलचे?" या डोंगरांत राज्यमान्य चर्चपासून वेगळे झालेले मेथडिस्ट आणि बाप्टिस्ट फार होते, त्यांच्या प्रार्थनामंदिराला चॅपेल म्हणतात, आणि बाप्टिस्ट लोक तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. त्यांच्याकडे बाप्तिस्म्याची वही शोधण्यात अर्थ नसतो, जन्माची वही शोधावी लागते. नागरी नोंदणी सुरू झाली त्या सुमारास अशा मंडळ्यांकडून त्यांच्या वह्या सरकारने गोळा केल्या. त्या आज राष्ट्रीय दप्तरखान्यात असून संगणकावर पाहता येतात. अर्ध्या तासात हेप्टनस्टॉल स्लॅक या वाडीतील बाप्टिस्ट मंडळीच्या वहीत १८१० सालचा तो मुलगा मिळाला, आईबापांच्या नावांसह. बापही विणकर.

लग्नाची नोंद मात्र चर्चमध्येच शोधावी लागते, मग माणूस कोणत्याही पंथाचा असो. १७५४ पासून १८३७ पर्यंत क्वेकर पंथाचे लोक आणि ज्यू वगळता सर्वांना राज्यमान्य चर्चमध्येच लग्न लावावे लागे आणि वहीत वधूवरांची सही किंवा खूण घ्यावी लागे. हेप्टनस्टॉल त्या काळी हॅलिफॅक्सच्या अवाढव्य पॅरिशचा भाग होते आणि १८३४ चे हे लग्न हॅलिफॅक्सच्या मुख्य चर्चमध्ये लागलेले होते. पडद्यावर ती नोंद मोठी करून पाहिली. वराच्या नावापुढे लेखणी दोनदा टेकवून काढलेली फुली होती, एक रेघ जाड आणि दुसरी शाई संपत आल्यासारखी फिकट. तिच्याखाली वधूने आपले पूर्ण नाव सरळ, सुटे अक्षर काढून लिहिले होते. विहीणबाईंनी ती सही आपल्या वहीत हुबेहूब उतरवून घेतली. फुलीवरून माणूस निरक्षर ठरवण्याची घाई करू नये. रविवारच्या शाळांत पुष्कळांना वाचायला शिकवत, लिहायला शिकवत नसत.

संध्याकाळी त्या चर्चमध्ये गेलो. आत दानपेटी धरून उभा असलेला माणसाएवढ्या उंचीचा एक लाकडी भिकारी आहे, त्याला ‘ओल्ड ट्रिस्ट्रॅम’ म्हणतात. एवढ्या मोठ्या मंदिरात एका अगदी साध्या माणसाला कायमची जागा दिलेली पाहून मला मनापासून आनंद झाला.

बुधवार : हेप्टनस्टॉल

हेब्डन ब्रिजपासून हेप्टनस्टॉलला ‘बट्रेस’ नावाची दगडी फरसबंदीची जुनी खडी वाट जाते. गुडघे सांभाळायचे असतील त्यांनी गावातून सुटणारी छोटी बस घ्यावी आणि उतरतानाच ती वाट धरावी, तीही पाऊस नसताना. आम्ही पोचलो तेव्हा ऊन होते. वीस मिनिटांत धुके आले आणि त्यामागून गारा पडल्या. मे महिन्यातल्या गारा मी विदर्भातही पाहिल्या आहेत, परंतु इथल्या गारांबरोबर जो वारा असतो तो हाडापर्यंत पोचतो.

घरे काळपट वाळूखडकाची. माडीवर एकमेकींना चिकटलेल्या अरुंद खिडक्यांची लांबच लांब रांग, मध्ये दगडी पट्ट्या. माग माडीवर असत आणि मागाला उजेड लागतो म्हणून खिडक्या अशा. एका चर्चच्या आवारात दोन चर्च आहेत. तेराव्या शतकातले जुने चर्च १८४७ च्या वादळात मोडकळीला आले आणि त्याच्या भिंती आज उघड्या आभाळाखाली उभ्या आहेत. नवे १८५४ मध्ये पूर्ण झाले. सारे आवार आडव्या ठेवलेल्या थडग्याच्या दगडांनी फरसबंदी केल्यासारखे झाकलेले असून चालायचे तर त्यांच्यावरूनच चालावे लागते. ग्रीनवूड, सटक्लिफ, पुन्हा ग्रीनवूड. विहीणबाई प्रत्येक ग्रीनवूड दगडापाशी वाकून तारखा वाचत होत्या.

एका दगडावर नाणी ठेवलेली दिसली. तो डेव्हिड हार्टली याचा, सोन्याच्या नाण्यांच्या कडा कातरून त्या सोन्यातून खोटी नाणी पाडणाऱ्या टोळीच्या म्होरक्याचा. त्याला १७७० मध्ये यॉर्कला फाशी दिले आणि इथे पुरले. लोक त्याला राजा म्हणत, आणि अजूनही येणारे जाणारे त्याच्या थडग्यावर नाणे ठेवतात. आमच्या विणकराचा दगड या आवारात नाही. दगड कोरून घ्यायला पैसे पडत आणि हातमागाची मजुरी यंत्रमाग आल्यावर अशी घसरली होती की १८३० नंतर या डोंगरांतले विणकर अर्धपोटी राबत होते. दगड नाही म्हणून शोध संपत नाही. गरिबाची आठवण दगडापेक्षा कागदात अधिक टिकते, कारण कर घेणारा, लग्न लावणारा आणि पुरणारा यांना त्याचे नाव लिहावेच लागते.

१७६४ मध्ये बांधलेले मेथडिस्टांचे अष्टकोनी चॅपेल जवळच आहे. तिथल्या एका बाईंनी आम्हांला आत घेऊन चहा पाजला. सोबत पार्किन दिले. ओटचे पीठ, काकवी आणि सुंठ घालून केलेली ही चिकट, गडद तपकिरी वडी गारठ्यात फारच रुचकर लागते.

गुरुवार : ग्रीनवूड ली

इंग्लंडातील बहुतेक आडनावांचे मूळ चार ठिकाणी सापडते : धंदा, बापाचे नाव, अंगचा एखादा गुण किंवा व्यंग, आणि राहण्याची जागा. यॉर्कशरच्या या डोंगराळ भागात जागेवरून पडलेली आडनावे विलक्षण जास्त आहेत, आणि ती जागा बहुधा गावही नसते, एखादे एकांडे शेतघर असते. ॲक्रॉइड, होलरॉइड, मर्गट्रॉइड यांतला ‘रॉइड’ म्हणजे रान तोडून काढलेली जमीन. आपली पुणेकर, नाशिककर ही नावेही जागेवरूनच पडली. मात्र ‘कर’ लावणारी घराणी एका गावातून अनेक निघतात आणि त्यांचा आपसांत संबंध असतोच असे नाही, तर इथे एकाच शेतघराचे नाव घेणारे मूळचे एकच कुटुंब असण्याचा संभव बराच असतो. ग्रीनवूड नाव इतर परगण्यांत स्वतंत्रपणे पडले असेल, पण कॅल्डर खोऱ्यातले ग्रीनवूड हेप्टनस्टॉलच्या वर असलेल्या ‘ग्रीनवूड ली’ या जागेशी जोडले जातात.

हेप्टनस्टॉलहून पुढे स्लॅकची वाडी लागते. आमचा विणकर जन्मला तीच ही. चार-दोन घरांच्या रांगा, मेंढ्या आणि दूरवर पसरलेले उघडे माळ. तिथून ग्रीनवूड ली अर्ध्या तासाची पायपीट. दगडी छपराचे भारदस्त घर अठराव्या शतकाच्या आरंभीचे आहे आणि त्यात आज माणसे राहतात, म्हणून रस्त्यावरूनच पाहावे, फाटकातून आत जाऊ नये. व्याही भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांचे लांबचे चुलते अमेरिकेत आहेत, आणि त्यांनी बाराव्या शतकातल्या एका राजसेवकापासून खाली उतरणारी छापील वंशावळ पाठवली होती. तशा वंशावळी एकोणिसाव्या शतकात बऱ्याच तयार झाल्या. त्यांतल्या मधल्या पिढ्यांना आधार मागितला तर मिळत नाही, म्हणून आम्ही ती बाजूला ठेवली होती. मला त्यापेक्षा मोठी वाटली ती गोष्ट वेगळीच. जिथे हे नाव पडले असावे त्या जागेपासून १८१० साली जन्मलेला विणकर अर्ध्या तासाच्या वाटेवर होता. चारशेहून अधिक वर्षांत हे नाव जवळजवळ हललेच नव्हते.

नाव मात्र जमिनीवर राहिले आणि जमीन हातची गेली. अठराव्या शतकाच्या अखेरीस ग्रीनवूड ली गिब्सन घराण्याकडे होते. त्यांनी खालच्या हार्डकॅसल क्रॅग्जच्या दरीत सुमारे १८०० मध्ये पाण्यावर चालणारी सुताची गिरणी उभारली. आम्ही उतरून तिथे गेलो. रानात निळ्या घंटाफुलांचे गालिचे होते आणि वाटेच्या कडेला रानमुंग्यांची गुडघ्याएवढी वारुळे. १८३३ मध्ये या गिरणीत २१ कामगार होते आणि आठवड्याला सरासरी ७२ तास काम करीत, असे तिथल्या फलकावरून समजते. त्या वर्षी आमचा विणकर तेवीस वर्षांचा होता आणि वर डोंगरावर अजून हातमाग धरून होता. त्याच्या मुलाने मात्र सुती कापडाचा धंदा धरला. त्याच्या ऐन उमेदीच्या वर्षांत, १८६१ ते १८६५ मध्ये, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापूस येईनासा झाला आणि या साऱ्या टापूतल्या गिरण्या बंद पडल्या. त्या काळात खानदेश आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईहून ‘सुरती’ या नावाने इकडे येत होता. त्याचा धागा आखूड, सारखा तुटणारा, म्हणून कामगार त्याला कंटाळत. त्याच वर्षांत मुंबईत कापसाच्या पैशाने शेअरबाजार फुगला आणि १८६५ मध्ये कोसळला. आपल्या इतिहासात मी हे मुंबईच्या बाजूने वाचले होते. त्या दरीत बसून त्याची दुसरी बाजू एका घराच्या नावानिशी कळली.

शुक्रवार : लीड्स

वेकफिल्डच्या जहागिरीच्या न्यायसभेच्या गुंडाळ्या लीड्स विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. कॅल्डर खोऱ्याचा मोठा भाग या जहागिरीत मोडत असे, आणि १२७४ पासून १९२५ पर्यंतची ही दप्तरे जवळजवळ अखंड आहेत. कोणाची डुकरे दुसऱ्याच्या शेतात शिरली, कोणी परवानगीवाचून लाकूड तोडले, बापाच्या मरणानंतर जमीन कोणाच्या नावे झाली, हे सारे त्यांत आहे. १७३३ पर्यंतची भाषा बहुतांशी लॅटिन असल्यामुळे नवख्याने छापील इंग्रजी सारांशांपासून सुरुवात करावी. १३७९ च्या डोईपट्टीच्या याद्याही या भागाच्या टिकून आहेत. साध्या माणसाला, नवराबायको मिळून, चार पेन्स भरावे लागत, आणि आडनावे घराण्यात स्थिर होत असतानाचे चित्र त्या याद्यांत दिसते.

विणकराच्या बापापासून मागे, अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पोचल्यावर आम्ही थांबलो. तिथून १३७९ पर्यंतचा पूल नावाच्या साम्यावर बांधायचा नाही, हे आम्ही तिघांनी आधीच ठरवले होते. रक्ताचा पुरावा हा त्यावरचा एक मार्ग आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साइक्स या यॉर्कशरच्याच आडनावाच्या पुरुषांची तपासणी झाली आणि जवळपास निम्म्यांत बापाकडून मुलाकडे जाणारे तेच एक गुणसूत्र-चिन्ह आढळले. उरलेल्यांत मधल्या शतकांतली दत्तके, विवाहबाह्य जन्म किंवा आईचे आडनाव लावणे अशा गोष्टी येतात. म्हणून ज्या घरांना अशी तपासणी करायची असेल त्यांनी, उत्तर काहीही आले तरी ते स्वीकारायची घरच्यांची तयारी आहे ना, हे आधी विचारून घ्यावे.

शनिवार : वेन्सगेट

विणकराची बायको, ती सही करणारी मुलगी, खोऱ्याच्या पलीकडल्या वाड्सवर्थच्या डोंगरावरची. तिकडे वेन्सगेटला बाप्टिस्टांचे जुने प्रार्थनामंदिर आहे. जॉन फॉसेट हे तिथले अठराव्या शतकातले नामांकित धर्मोपदेशक. पुढे त्यांनी खोऱ्यात ईवूड हॉल येथे शाळा चालवली आणि तिथे विल्यम वॉर्ड नावाचा एक मुद्रक धर्मशिक्षणासाठी येऊन राहिला. हाच वॉर्ड १७९९ मध्ये बंगालला गेला आणि सेरामपूरच्या छापखान्याचा प्रमुख झाला. त्याच छापखान्यात १८०५ साली विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण छापले गेले. विहीणबाईंना हे सांगितले तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "म्हणजे आपली ओळख लग्नाच्या आधीची निघाली."

दुपारी मायथमरॉइडला डॉक पुडिंग खाल्ले. वसंतात उगवणारी एक रानपालेभाजी, खाजकुइरीसारखी चुरचुरणारी नेटलची कोवळी पाने, कांदा आणि ओट एकत्र शिजवून ते तव्यावर परततात. रंग जवळजवळ काळा हिरवा, चव अळूच्या पातळ भाजीपेक्षा उग्र. हे लोक ते डुकराच्या मांसाबरोबर खातात, मी नुसतेच खाल्ले आणि पुन्हा मागून घेतले. एप्रिल-मेमध्येच मिळते, तेव्हा त्या दिवसांत गेल्यास चुकवू नये.

परतल्यावर आठवड्याभरात विणकराच्या मृत्यूचा दाखला आला. व्याह्यांनी तो हेब्डन ब्रिजहूनच मागवला होता. मृत्यू स्लॅकलाच, धंदा तोच, आणि खबर देणारा म्हणून आणखी एका ग्रीनवूडचे नाव, जे आम्हांला मिळालेल्या मुलांपैकी कोणाचेच नाही. तो भाऊ असावा की पुतण्या, हे ठरवण्यासाठी व्याह्यांनी स्लॅकच्या बाप्टिस्ट वहीतली १८०० ते १८२५ ची सर्व ग्रीनवूड मुले उतरवून घ्यायला सुरुवात केली आहे, आणि त्यांतली निम्मी यादी तपासायला माझ्याकडे पुण्याला पाठवली आहे.